बेन-हर (१९५९): शर्यत बाजूला ठेवली तर उरतं काय?

लोलक
दिग्दर्शक विल्यम वायलरच्या 'बेन-हर'वर बोलायला बसलं की गाडी रथांच्या शर्यतीपाशी येऊन थांबते. ११ ऑस्कर, सुमारे दीड कोटी डॉलर खर्च, रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभारलेलं १८ एकरांचं मैदान, हे सगळ्यांना पाठ असतं. सिनेमा मात्र २१२ मिनिटांचा आहे आणि शर्यत त्यातली जेमतेम नऊ-दहा मिनिटं. उरलेल्या दोनशे मिनिटांचं काय? कुठे जमलंय, कुठे फसलंय आणि कशामुळे, एवढंच या धाग्यात बोलूया. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट एका ओळीत: जेरुसलेमच्या ज्युडा बेन-हर या ज्यू सरदाराला त्याचाच रोमन बालमित्र मेसाला वल्ही मारायला गुलाम म्हणून धाडतो, सुटून आलेला ज्युडा रथांच्या शर्यतीत सूड उगवतो, आणि या सगळ्यात त्याची येशूशी दोनदा गाठ पडते.

सुरुवात चित्रचौकटीपासून करतो, कारण या सिनेमाचे निम्मे गुण आणि बरेचसे दोष तिथूनच आलेत.

एमजीएमने याच्यासाठी 'कॅमेरा ६५' ही पद्धत वापरली. निगेटिव्ह ६५ मिमीची, थिएटरची प्रिंट ७० मिमीची, उरलेल्या जागेत सहा चुंबकीय ध्वनिपट्ट्या. ६५ मिमीची चौकट मुळातच २.२१ : १ एवढी रुंद असते. त्यावर पॅनाव्हिजनची लेन्स चित्र आडवं सव्वापट दाबून टिपते आणि प्रोजेक्टर ते पुन्हा तेवढंच फाकवतो. २.२१ गुणिले १.२५ म्हणजे २.७६. उंचीच्या पावणेतीनपट रुंदी!

वायलरची ख्याती होती ती चित्रातल्या खोलीची, म्हणजे डेप्थची. ग्रेग टोलंड कॅमेऱ्यावर असताना तो एक पात्र पुढे आणि दुसरं पार मागे ठेवून दोघांनाही लख्ख दाखवायचा. इथे ते शक्य नव्हतं. निगेटिव्ह मोठी झाली की तेवढाच कोन टिपायला जास्त लांबीची लेन्स लागते, आणि लेन्स लांब झाली की पुढचं-मागचं एकदम स्पष्ट राहत नाही. त्यामुळे खोलीत मांडायचं ते त्याला रुंदीत मांडावं लागलं. ज्युडा आणि मेसाला लहानपणीच्या आठवणीने आढ्याच्या तुळया जिथे एकमेकींना छेदतात तिथे भाले फेकतात, तो प्रसंग बघा. दोघांचे भाले एकाच ठिकाणी, शेजारी-शेजारी रुततात. मैत्री काय होती ते शब्दाविना कळतं. पुढे त्याच मेसालासमोर ज्युडा भाला रोखून उभा राहतो, तेव्हा पहिला प्रसंग आपोआप डोळ्यांपुढे येतो. माझ्या लेखी वायलर इथे सर्वांत मोठा आहे, मैदानात नाही.

तोटाही सांगतो. दोनच माणसं खोलीत बोलत असली की दोन्ही बाजूंना रिकाम्या भिंती उरतात. मग खांब, पडदे, दिवे, पुतळे भरावे लागतात आणि मधला काही भाग फर्निचरच्या दुकानासारखा दिसतो. ज्युडा आणि त्याची प्रेयसी एस्तर यांच्या संवादांमध्ये हे फार जाणवतं.

रिकीब
लोलक, शर्यत एवढ्या सहज बाजूला ठेवू देणार नाही. तिच्याबद्दल 'भव्य' यापुढे कुणी बोलत नाही, म्हणून नेमकं लिहितो.

दिग्दर्शन वायलरचं नाही. ते अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनुट या दुसऱ्या युनिटच्या जोडीचं. युगोस्लाव्हिया आणि सिसिलीतून ७८ घोडे आणले, ग्लेन रँडलने ते तयार केले. रथ १८ बनवले, म्हणजे नऊ स्पर्धकांना सरावाचा एक आणि चित्रीकरणाचा एक.

चार घोड्यांच्या जुपणीत मधले दोन जुवाला असतात, कडेचे दोन नुसत्या दोरांवर. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे प्रत्येक वळण डावीकडे. वळताना डावा कडेचा घोडा जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि उजव्या कडेच्याला त्याच वेळात कितीतरी लांबचा वेढा मारावा लागतो. वेगवान घोडा आत लावलात तर तो वळणावर पुढे काढतो, रथ बाहेर फेकला जातो आणि मधल्या दुभाजकापासून सुटतो. ज्युडा घोड्यांचा अरब मालक शेख इल्डेरिम याच्या माणसांचा सराव बघतो तेव्हा नेमकं हेच बिघडलेलं असतं, आणि तो घोड्यांच्या जागा बदलायला सांगतो. संथ पण भरवशाचा आत, तोच रथाला जहाजाच्या नांगरासारखा धरून ठेवतो. रोममध्येही या डाव्या कडेच्या घोड्याला सर्वांत जास्त मान होता. पटकथेतला हा तपशील शंभर टक्के बरोबर आहे आणि सिनेमा तो प्रेक्षकाला शर्यतीआधी शिकवून ठेवतो. म्हणूनच पुढे पहिल्या वळणावर काय पणाला लागलंय ते आपल्याला सांगावं लागत नाही.

धावपट्टीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. खाली लाव्ह्याचा चुरा, वर पिवळ्या दगडाची बारीक भुकटी असा थर दिला. थर जाड झाला आणि घोडे त्यात रुतून मंदावले. वेग गेला की शर्यत मेली. मग बराचसा माल काढून वर पातळ थर ठेवला. अगदी कडक जमीनही चालत नाही, टापांना मार बसतो आणि वळणावर चाक सरकत नाही, मग रथ उलटतो. पडद्यावर चाकं वळणावर आडवी घसरताना दिसतात ती या पातळ थराची कमाल.

चूक कुठे? रथांच्या वजनात. सिनेमातला एकेक रथ सुमारे ९०० पौंडांचा, म्हणजे ४०० किलोच्या पुढे. रोमन शर्यतीचा रथ लाकडाचा आणि चामड्याच्या पट्ट्यांचा, हलका, जवळपास नुसता पाट. सिनेमातले नक्षीदार उंच रथ विजययात्रेचे आहेत. आणि रोमन सारथी लगाम कमरेला गुंडाळून अंग मागे टाकून वळवायचा, पडलाच तर लगाम कापायला पट्ट्यात सुरी असायची. इथे लगाम हातात आहेत. ती सुरी दाखवली असती तर मेसाला फरपटत जातो तो प्रसंग आणखी भयानक झाला असता असं मला नेहमी वाटतं.

कातरकाम
रिकीब, फार छान. याला संकलनाची बाजू जोडतो.

शर्यतीला संगीत नाही. आधी मिरवणुकीचा मोठा तुताऱ्यांचा तुकडा वाजतो, रुमाल पडतो आणि तिथून पुढे फक्त टापा, चाकं, चाबूक आणि गर्दी. संगीत असतं तर कुणाची सरशी होतेय ते वाद्यांनी आधीच सांगून टाकलं असतं.

दुसरं म्हणजे हिशोब. डॉल्फिनच्या आकाराची फिरती खूण फेरी मोजते, आणि संकलक दर थोड्या वेळाने तिच्याकडे जातो. नऊ रथ, नऊ फेऱ्या. त्यामुळे शर्यत कुठवर आली याबद्दल गोंधळ होत नाही. हल्लीच्या पाठलागांत हीच साधी शिस्त पाळली जात नाही.

आता ती उडी. मोडलेल्या रथावरून ज्युडाचा रथ उडतो आणि सारथी पुढच्या कठड्यावरून उलटा बाहेर फेकला जातो. रथावर याकिमाचा मुलगा जो कनुट होता. रथ उडवायचं ठरलेलं होतं, त्याचं फेकलं जाणं ठरलेलं नव्हतं. त्याने कठडा सोडला नाही म्हणून वाचला. हनुवटीला टाके पडले, बस. हा तुकडा फेकून द्यायच्या ऐवजी त्यांनी चार्ल्टन हेस्टनचा कठड्यावरून आत चढतानाचा जवळचा शॉट घेतला आणि दोन्ही जोडले. जोड शोधून बघा: दूरच्या शॉटमध्ये शरीर हवेत, पुढच्या शॉटमध्ये हेस्टनचे हात कठड्यावर. अपघाताचा प्रसंग झाला, आणि तोही नायकाच्या जिद्दीचा.

जाता जाता: या शर्यतीत स्टंटमन मेला हे खोटं आहे. तशी दुर्घटना १९२५च्या मूकपटाच्या रोममधल्या चित्रीकरणात घडल्याचं सांगतात आणि लोक दोन्ही सिनेमांची सरमिसळ करतात. मैदानात लाल मोटार दिसते, हेस्टनच्या हातात घड्याळ आहे, ह्याही बाता. मनगटावर आहे ते चामड्याचं मनगटबंद. चाकाखाली जाणारी माणसं म्हणजे सांधे हलणारे पुतळे.

पुराभिलेख
तंत्राची बाजू भक्कम आहे, मान्य. इतिहास मात्र ठिसूळ आहे.

१) गुलाम वल्हेकरी. सिनेमाचा सर्वांत गाजलेला दुसरा प्रसंग, आणि पायाच चुकीचा. रोमन आरमारात वल्ही मारणारे पगारी, स्वतंत्र लोक असत, बहुतेक प्रांतांमधले बिगर-नागरिक. साखळदंडाने बांधलेला वल्हेकरी ही १६व्या शतकातल्या भूमध्य समुद्राची गोष्ट, ऑटोमन, स्पॅनिश, व्हेनिशियन गलबतांवरची. रोमने ज्युडाला शिक्षा दिलीच असती तर खाणीत किंवा दगडाच्या खदानीत पाठवला असता.

२) सुभेदार. सिनेमा इ.स. २६ मध्ये सुरू होतो आणि व्हॅलेरियस ग्रेटस नवा सुभेदार म्हणून मिरवत येतो. तो इ.स. १५ पासून तिथे होता. २६ मध्ये त्याची मुदत संपून पाँटियस पायलेट आला. म्हणजे ज्युडाच्या घराच्या छपरावरचं कौल ज्याच्या डोक्यात पडतं (याच अपघातासाठी ज्युडाला शिक्षा होते), त्याची स्वारी येण्याची नव्हे, जाण्याची होती.

३) त्या काळात ज्युडियात रोमन लीजन, म्हणजे रोमची मुख्य फौज, तैनातच नव्हती. सुभेदाराच्या हाताखाली स्थानिक भरतीच्या साहाय्यक तुकड्या असत आणि कारभार समुद्रकाठच्या सीझेरियातून चाले. जेरुसलेममध्ये दाखवलेला एवढा झगमगीत फौजफाटा म्हणजे रोम शहराची कल्पना उचलून तिथे ठेवली आहे.

४) रोममध्ये शर्यत सात फेऱ्यांची. नऊ सिनेमाच्या सोयीसाठी. मेसालाच्या चाकाच्या तुंब्यावरची फिरती पाती तर निव्वळ कल्पना, शर्यतीत असला रथ कुणी उतरवू दिला नसता.

निशिगंध
पुराभिलेख, तपशील बरोबर, पण तराजू चुकतोय. हा ल्यू वॉलेसच्या १८८० सालच्या कादंबरीवरचा सिनेमा आहे. वल्हेकरी गुलाम, ग्रेटस, कौल हे सगळं तिथून आलंय. इतिहासाचा दोष कादंबरीच्या खाती टाकायला हवा. सिनेमाने कादंबरीत काय बदललं ते पाहिलं तर त्याची खरी गुणवत्ता दिसते.

कादंबरीत शर्यत अँटिऑकला होते, आणि मेसालाचं चाक कोण मोडतो? ज्युडा. मुद्दाम, आपल्या आसाचं लोखंडी टोक त्याच्या चाकात घालून. मेसाला मरत नाही, लुळा होतो, पुढे आयरस नावाची इजिप्शियन बाई त्याला संपवते. सिनेमाने आयरसला पूर्ण वगळलं, शर्यत जेरुसलेमला आणली आणि पाती मेसालाच्या रथाला लावली. त्यामुळे मेसाला स्वतःच्याच क्रौर्याने मरतो आणि ज्युडाच्या हातावर रक्त येत नाही. त्याहून मोठं म्हणजे मरताना मेसालाला एक शेवटचा घाव घालायला मिळतो: तुझी आई आणि बहीण जिवंत आहेत, कुष्ठरोग्यांच्या दरीत शोध. सूड पुरा झाला त्याच क्षणी त्याचं सगळं समाधान निघून जातं. हे कादंबरीत नाही आणि हे फार मोठं लेखन आहे.

कौलाचंही तेच. कादंबरीत ते ज्युडाच्या हाताखालून निसटतं, सिनेमात बहीण तिर्झाच्या. मग ज्युडा तिच्यासाठी दोष अंगावर घेतो आणि मेसाला सत्य कळल्यावरही त्याला पाठवतो. मैत्री तुटण्याचं वजन दुप्पट होतं.

आणि पटकथेलाच ऑस्कर मिळालं नाही! १२ नामांकनांतलं निसटलं ते हेच. कार्ल टनबर्गला एकट्याला श्रेय दिलं गेलं, पण वायलरच्या शेजारी रोज बसून संवाद घडवत होता तो ब्रिटिश कवी-नाटककार ख्रिस्तोफर फ्राय. वायलरने त्याच्यासाठी भांडण केलं, लेखकांच्या संघटनेने ऐकलं नाही. गोर विडालनेही काही भाग लिहिला होता. हा अन्याय झाला असंच माझं ठाम मत आहे.

सप्तक
वल्ह्यांच्या प्रसंगावर इतिहासाच्या अंगाने टीका झाली, आता कानाने ऐका.

कॉन्सल क्विंटस अ‍ॅरियस वल्हेकऱ्यांची परीक्षा घेतो. ठोके देणारा माणूस लाकडावर दोन हातोडे मारतोय. अ‍ॅरियस एकेक हुकूम देतो: लढाईचा वेग, हल्ल्याचा वेग, धडक देण्याचा वेग. मिक्लोश रोझाचं संगीत ठोक्यांना धरून चालतं. प्रत्येक हुकमासरशी लय चढते, वाद्यं वाढतात आणि वर सूर ताणले जातात. तिकडे माणसं कोसळायला लागतात आणि अ‍ॅरियसची नजर ४१ क्रमांकावरून, म्हणजे ज्युडावरून, हटत नाही. संवाद चार-दोन शब्दांचे. ठोके थांबतात तेव्हा संगीतही पडतं आणि उरतो फक्त धापांचा आवाज. दिग्दर्शक, नट, संगीतकार आणि ठोके देणारा एकाच लयीत बांधलेले असा प्रसंग मला दुसरा आठवत नाही.

रोझाने १९५१च्या 'क्वो वादिस'साठी प्राचीन संगीताचा अभ्यास केला होता. तुताऱ्यांच्या तुकड्यांत तो सूर समांतर चौथ्या-पाचव्या स्वरांनी चालवतो, गोड तिसऱ्या स्वराने भरत नाही. म्हणून ते पोकळ, कोरडं आणि जुनं वाटतं. येशूसाठी ऑर्गन आणि वरच्या पट्टीतल्या तारा. चेहरा कधीच दाखवलेला नाही. तो आला हे आपल्याला ऑर्गनवरून कळतं. नाझरेथच्या विहिरीपाशी तहानेने पडलेल्या ज्युडाला कुणीतरी पाणी पाजतो, रोमन अधिकारी ओरडत येतो, त्या माणसाकडे बघतो आणि खजील होऊन वळतो. पाठमोरा माणूस, अधिकाऱ्याचा चेहरा आणि ऑर्गन, इतकंच.

कातरकाम
सप्तक, हे वाचून तो प्रसंग परत लावला जाणार. +१

लोलक
वल्ह्यांनंतरची आरमारी लढाई मात्र सिनेमातला सर्वांत कच्चा भाग आहे, आणि कच्चा का दिसतो ते सांगण्याजोगं आहे.

जहाजं छोट्या प्रतिकृती आहेत, पाण्याच्या टाकीत. प्रतिकृती चित्रित करताना कॅमेरा वेगाने चालवतात, म्हणजे पडद्यावर हालचाल जड वाटते. हिशोब वर्गमूळाचा: प्रतिकृती सोळा पट लहान असेल तर कॅमेरा चौपट वेगाने, सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम. यामुळे जहाजाचं डोलणं खरं वाटतं. पण पाण्याचा थेंब लहान होत नाही. पृष्ठताण तोच, त्यामुळे उडालेला थेंब जहाजाच्या मानाने नारळाएवढा दिसतो आणि फेस बारीक होत नाही. आगीच्या जिभाही तशाच. यावर एकच उतारा, प्रतिकृती जितकी मोठी करता येईल तितकी करायची. ती मोठी असूनही ७० मिमीची स्वच्छ प्रिंट थेंब न् थेंब उघडा पाडते. साध्या ३५ मिमीवर हेच दृश्य खपून गेलं असतं.

याउलट मैदानात प्रेक्षकांचे खालचे टप्पे खरे आणि वरचे रंगवलेले आहेत, तरी कुणाला खटकत नाही. कारण तिथे हलणारं सगळं खरं आहे आणि रंगवलेला भाग स्थिर राहू शकतो. समुद्रात स्थिर काहीच नसतं.

निशिगंध
दोषांचं बोलतोय तर दोन गोष्टी राहिल्या.

शेख इल्डेरिम. ह्यू ग्रिफिथ हा वेल्श नट, चेहऱ्याला काळपट रंग फासून अरब केलाय. ऑस्कर मिळालं आणि रोमनांसमोर पैज लावायला जातो तो प्रसंग धमाल आहे, पण रंग फासणं आज बघवत नाही आणि ते बघवू नये. वायलरने रोमनांना ब्रिटिश उच्चार आणि ज्यूंना अमेरिकन उच्चार अशी विभागणी केली, राज्यकर्ते आणि प्रजा कानाला वेगळे वाटावेत म्हणून. ती युक्ती हुशार आहे. अरबांच्या वाट्याला मात्र फक्त विनोद आला.

दुसरं म्हणजे शेवट. मेसाला मेल्यावर सुमारे पाऊण तास सिनेमा उरतो. विरोधक संपला, शर्यत संपली, आता ज्युडाच्या मनातला द्वेष जायचाय आणि तो बाहेरून, चमत्काराने जातो. हेस्टन अंगाने बोलणारा नट आहे. वल्ह्यावर, रथात तो अप्रतिम आहे, पण इथे त्याला करायला काहीच नाही, फक्त बघायचं आहे. हाया हरारीतच्या एस्तरला उपदेशाखेरीज दुसरं वाक्य दिलेलं नाही.

सप्तक
अर्धं सहमत. क्रूस वाहून नेणाऱ्याला ज्युडा पाणी देतो आणि ओळखतो की विहिरीपाशी आपल्याला पाणी पाजणारा हाच, तिथे वर्तुळ पुरं होतं. ऑर्गनची तीच धून परत येते. त्यापुढची वीस मिनिटं लांबली आहेत, हे खरं.

निशिगंध
तो पाण्याचा भाग सोडून म्हणते मी. तिथे हेस्टनचा चेहराही उत्तम आहे.

पायवाट
धागा वाचून पहिल्यांदाच बघणार आहे. घरी ५५ इंची टीव्ही आहे. काही विशेष करावं लागेल का?

लोलक
पायवाट, हो, चार गोष्टी.

५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेमी रुंद आणि ६८.५ सेमी उंच असतो. हे चित्र पूर्ण रुंदीत लावलं की उंची फक्त ४४ सेमी येते आणि वर-खाली प्रत्येकी १२ सेमी काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्या. 'झूम' किंवा 'फुल' दाबून पडदा भरलात तर रुंदीतला ३५ टक्क्यांहून जास्त भाग कापला जातो, आणि जुन्या ४:३ टीव्हीच्या प्रतींत तर अर्ध्याहून जास्त गेलेला असायचा. शर्यतीत एका कडेला मेसाला आणि दुसऱ्या कडेला ज्युडा असतो. कापलेल्या प्रतीत एक वेळेला एकच दिसतो. दरीत ज्युडा येतो तेव्हा आई-बहीण चौकटीच्या कडेला दगडाआड लपतात, तेही हरवतं.

टीव्हीपासून दीड ते पावणेदोन मीटरवर बसा, नेहमीपेक्षा जवळ. चित्राची उंची कमी असल्यामुळे लांबून ते पट्टीसारखं दिसतं.

हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, नाहीतर शर्यत व्हिडिओसारखी दिसते आणि समुद्रातल्या प्रतिकृती आणखीच खेळण्यासारख्या.

आणि सुरुवातीला सहा मिनिटांहून जास्त वेळ पडद्यावर मायकेलअँजेलोचं 'आदमची निर्मिती' हे चित्र स्थिर राहून फक्त संगीत वाजतं. प्लेअर अडकलेला नाही, पुढे ढकलू नका. रोझाच्या मुख्य धुना तिथेच पहिल्यांदा कानावर पडतात. मध्यंतरही मूळच्याच जागी आहे, दोन बैठकींत बघायचा असेल तर तिथेच थांबा.

रिकीब
त्यात भर: शर्यत सुरू व्हायच्या आधी तबेल्यात ज्युडा चारही घोड्यांशी एकेक करून बोलतो. कुणाला कुठली जागा दिली ते नीट ऐकून ठेवा. पहिल्याच वळणावर उपयोगी पडेल.